ठोसा बसल्यानंतरचे दोन सेकंद

आले होते वडील आणि मुलगा दोघेही, पण बोलत होते ते फक्त वडील. "मॅडम, याचे कोच म्हणतात याला शिस्त नाही. अहो, बॉक्सिंगमध्ये शिस्त घेऊन काय करायचंय? छाती लागते, आणि ती याच्याकडे आहे. सगळे म्हणतात, वाघ आहे. मग हा हरतो का?"

वाघ १९ वर्षांचा होता. मान खाली घालून तो हाताची पट्टी सोडवत होता आणि पुन्हा गुंडाळत होता.

मी खेळाडूंच्या मनावर काम करते. बॉक्सरला हिंमत जास्त लागते की शिस्त, हा प्रश्न आई-वडील मला विचारतात, कोचही विचारतात. बॉक्सर स्वतः विचारतो तेव्हा मात्र तो वेगळ्या रूपात येतो : 'माझ्यातच काही कमी आहे का?' असं स्वतःला विचारत रात्र काढणाऱ्यांसाठी या मुलाची गोष्ट लिहिते आहे. त्याची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

शिस्तीबद्दलची तक्रार ऐकून मी गोंधळले होते. हा मुलगा पहाटेचा सराव कधी चुकवत नसे. दोरीवरच्या उड्या, शॅडो बॉक्सिंग (समोर कुणी नसताना हवेत ठोसे मारणं), बॅग, पॅड, सगळं नेमाने. वजन काट्यावर तंतोतंत. यापेक्षा अधिक शिस्त ती काय असते? त्याच्या परवानगीने मी कोचशी बोलले. ते म्हणाले, "घंटा वाजेपर्यंत हा माझा सगळ्यात चांगला मुलगा. पण एक कडक ठोसा बसला की शिकवलेलं सगळं गेलं. सरळ आत घुसतो, आणि समोरचा त्याचीच वाट बघत असतो." मागच्या तिन्ही लढती तो असाच हरला होता.

पुढच्या भेटीत आम्ही त्यातली एक लढत त्याच्या मोबाइलवर पाहिली. आवाज बंद ठेवायला सांगितला, कारण त्या चित्रफितीत रिंगबाहेरचा आरडाओरडा इतका होता की मुलाकडे लक्षच जात नव्हतं. मला बॉक्सिंगचं तंत्र शिकवता येत नाही, तो माझा अधिकारही नाही. मी माणसाकडे बघते. दुसऱ्या फेरीत त्याच्या नाकावर उजवा ठोसा बसला. पुढच्याच क्षणी हनुवटी वर, दोन्ही हात गरगर फिरवत हा समोरच्यावर तुटून पडला. तिथे मी चित्र थांबवलं आणि विचारलं, "काय दिसतंय?"

तो बराच वेळ बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "माझे डोळे मिटलेत."

आम्ही मागे-पुढे करून पाहिलं. तो असा घुसला होता त्या पाचही वेळा डोळे मिटलेले होते.

"त्या वेळी मनात काय चालू असतं?" या प्रश्नावर आधी 'काही नाही' आलं, मग 'राग' आला. शेवटी तो जे बोलला ते ऐकताना मला त्याच्याबद्दल फार माया वाटली. "असं वाटतं, हे लवकर संपू दे. एक तर तो पडू दे, नाही तर मी पडतो."

लोक ज्याला वाघ म्हणत होते ते खरं तर पळणं होतं. फक्त ते पुढच्या दिशेने होतं, म्हणून कुणाला ओळखू आलं नाही. भीतीने मागे सरणाऱ्याला लोक भित्रा म्हणतात. भीतीने पुढे धावणाऱ्यासाठी टाळ्या वाजतात, आणि टाळ्यांची सवय लागली की त्यातून बाहेर पडणं जास्त अवघड होतं. मला या दुसऱ्या मुलांची काळजी अधिक वाटते, कारण ती मदत मागायला येतच नाहीत.

ठोसा बसल्यावर शरीरात काय होतं, ते मी त्याला समजावलं. ॲड्रेनलिन उसळतं, हृदय धडधडतं, श्वास छातीतच अडकतो, खांदे ताठरतात, नजर आखडून एका बिंदूवर येते. ताठरलेल्या खांद्यातून निघणारा ठोसा उशिरा पोहोचतो आणि दमछाकही लवकर करतो. बॉक्सर ठोसा मारताना 'स्स' असा आवाज करतात तो दिखावा नसतो, श्वास बाहेर पडत राहावा म्हणून असतो. ही सगळी उलथापालथ प्रत्येकाच्या शरीरात होते. माइक टायसनला किशोरवयापासून घडवणारे कस डी'अमाटो शिष्यांना हेच सांगत असत : शूराला आणि भित्र्याला वाटणारी भीती एकच असते, फरक पडतो तो पुढच्या कृतीत. मुलाला हे ठाऊक नव्हतं. आपण सोडून बाकी कुणाला रिंगमध्ये भीती वाटत नाही, अशी त्याची पक्की समजूत होती.

पुढच्या भेटीला वडील पुन्हा आले. त्यांनी मुहम्मद अलीचा दाखला दिला. "फोरमनसमोर छाती काढून उभा राहिला की नाही?" दाखला योग्यच होता, पण मला तो उलट बाजूने उपयोगी पडला. ३० ऑक्टोबर १९७४ ला आफ्रिकेतल्या किन्शासामध्ये अलीसमोर तेव्हाचा जगज्जेता जॉर्ज फोरमन होता. ४० लढती, एकही हार नाही, ३७ जण नॉकआउट. दुसऱ्या फेरीपासून अली दोरांना टेकला, गार्ड वर घेतला आणि ठोसे हातांवर, दंडांवर झेलत राहिला. रिंगच्या कोपऱ्यातून त्याचीच माणसं दोरांपासून दूर हो म्हणून ओरडत होती. तो मधूनमधून नेमके ठोसे परत करत होता आणि फोरमन दमण्याची वाट बघत होता. आठव्या फेरीत फोरमन खाली गेला. मी वडिलांना विचारलं, "यात तुम्हाला हिंमत कुठे दिसते?" ते म्हणाले, "उभा राहिला." मला ती वाट बघण्यात दिसते. माराच्या टप्प्यात राहून घाई न करणं, हेच त्यांच्या मुलाला जमत नव्हतं. (डोक्यावर मार झेलत राहणं हा आदर्श म्हणून मी कोणत्याही मुलापुढे ठेवत नाही. अलीला १९८४ मध्ये पार्किन्सन्सचं निदान झालं, हेही त्याच माणसाचं आयुष्य आहे.)

मग कोच, मुलगा आणि मी मिळून एक गोष्ट ठरवली. मार बसला की तीनच कामं : हात हनुवटीशी, श्वास बाहेर, आणि समोरच्याच्या जड हातापासून दूर एक पाऊल बाजूला. ही कामं कोचनी निवडली. ठोसा बसल्यावर विचार करायला वेळ नसतो, म्हणून 'असं झालं की मी हे करणार' हे आधीच ठरलेलं हवं आणि ते शेकडो वेळा घोटलेलं हवं, एवढा भाग माझा. स्पारिंगमध्ये, म्हणजे जोडीदाराबरोबरच्या सरावाच्या लढतीत, एक मिनिट त्याने एकही ठोसा मारायचा नाही, जोडीदाराने फक्त हलके जॅब (पुढच्या हाताचे सरळ ठोसे) टाकायचे, आणि याने डोळे उघडे ठेवून टप्प्यातच राहायचं. आधी अगदी सावकाश, मग थोडं वेगाने.

तो दोन दिवसांत वैतागला. "यापेक्षा मार खाल्लेला परवडला. हातच बांधल्यासारखं वाटतं." भीती किती, असं शून्य ते दहामध्ये विचारलं, तर पहिल्या दिवशी नऊ. तीन आठवड्यांनी पाच. शून्य कधीच आली नाही, आणि तशी अपेक्षाही नव्हती.

तेव्हा वडिलांच्या प्रश्नाला माझं उत्तर हे की आधी शिस्त. पण पहाटे उठण्याची नाही, ती याच्याकडे भरपूर होती. ठोसा बसल्यानंतरच्या दोन सेकंदांतली शिस्त. भीतीला हात-पाय कुठे ठेवायचे ते शिकवणारी. जो मुलगा रिंगमध्ये चढतो त्याच्या हिंमतीवर शंका घेण्याचं मला कारण दिसत नाही. ती त्याने दोराखालून आत जातानाच दाखवलेली असते.

इथवर लिहून थांबता आलं असतं, पण पाचव्या भेटीत तो आला आणि पडदा ओढून घेऊ का, असं त्याने विचारलं. उजेड त्रास देत होता. मी खोदून विचारलं तेव्हा कळलं, दहा दिवसांपूर्वी स्पारिंगमध्ये कानशिलावर हुक, म्हणजे बाजूने वळवून मारलेला ठोसा, बसला होता. तेव्हापासून डोकं दुखत होतं, झोप नीट लागत नव्हती, वाचलेलं लक्षात राहत नव्हतं. तरीही तो रोज रिंगमध्ये उतरत होता. निवड चाचणी तोंडावर होती. "सांगितलं तर म्हणतील, घाबरला."

डोक्याच्या माराबाबत मी थांबून राहत नाही. मी डॉक्टर नाही, म्हणून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायला सांगितलं. मेंदू सावरलेला नसताना पुन्हा मार बसला तर जिवावर बेतू शकतं, तरुण वयात विशेष. जिवाला धोका दिसला तर मी गुप्तता मोडेन, हे पहिल्याच भेटीत त्याला सांगितलेलं होतं. तरी मला वाटत होतं की कोचना त्याने स्वतः सांगावं. तो पाऊण तास माझ्यासमोर बसून होता. मग त्याने तिथूनच फोन लावला. आवाज थरथरत होता. त्या पाऊण तासाइतकी हिंमत मी त्याच्या कुठल्याही लढतीत पाहिली नव्हती. आणि इथे शिस्तीचा काही उपयोग नव्हता. उलट, रोज नेमाने सरावाला जाण्याच्या शिस्तीनेच त्याला इतके दिवस गप्प ठेवलं होतं.

डॉक्टरांनी स्पारिंग बंद केलं आणि चाचणी हुकली. वडील चिडून आले. "हेडगार्ड घालतो की तो!" हेडगार्डने जखमा कमी होतात, पण कवटीच्या आत मेंदू हिसकतो तो थांबत नाही. हौशी पुरुषांच्या मोठ्या स्पर्धांमधून तर २०१३ पासून ते काढूनच टाकलं गेलं. मग मी त्यांना अली आणि जो फ्रेझियरची मनिलाची लढत आठवून दिली, १ ऑक्टोबर १९७५ ची. चौदा फेऱ्या झाल्या होत्या, एकच उरली होती. फ्रेझियरचे डोळे सुजून जवळजवळ बंद झाले होते, तरी त्याला लढायचं होतं. त्याचे प्रशिक्षक एडी फच यांनी लढत थांबवली. फ्रेझियर नको म्हणत राहिला, फच यांनी ऐकलं नाही. "त्या कोपऱ्यात तुम्ही असता तर?" असं मी विचारलं. वडील बराच वेळ काही बोलले नाहीत. जाताना एवढंच म्हणाले, "त्याचं डोकं आता दुखतंय का, ते मी विचारलंच नाही त्याला."

परतीची वाट पायरीपायरीने झाली. आधी विश्रांती, मग चालणं, मग शॅडो, मग बॅग. कुठेही त्रास परत आला की एक पायरी मागे. डॉक्टरांनी लेखी परवानगी दिल्यावरच समोर माणूस.

चार महिन्यांनी त्याने एका लढतीची चित्रफीत पाठवली. गुणांवर निसटता हरला होता. मी आवाज बंद करून पाहिली. पहिल्या दोन फेऱ्यांत ठोसे बसले तेव्हा तो बाजूला सरकला, डोळे उघडे. तिसरीत दमल्यावर दोनदा मिटले. खाली त्याने लिहिलं होतं, "तिसरीत दोनदा. मीच मोजले. सोमवारी येऊ का?"