जवळचं माणूस गेल्यावर पहाटे समुद्राकाठी बसून खरंच बरं वाटतं का?

मला वाटलं. आई गेल्यावर महिनाभर गुहागरला मामाकडे होतो. झोप चारलाच उडायची. घरात सगळे माझ्यासमोर आवाज खाली करून बोलायचे, तेच जास्त नकोसं व्हायचं. मग सुरूच्या बनातून सरळ किनाऱ्यावर.

आपल्याकडे सूर्य समुद्रातून येत नाही, पाठीमागून माडांवरून येतो. त्यामुळे लाटा आधी नुसत्या ऐकू येतात, मग फेसाची पांढरी रेघ दिसायला लागते. मामाचा हिशेब: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. म्हणजे अष्टमीला सहाच्या सुमारास पाणी पार वर, पौर्णिमेला त्याच वेळी ओहोटी. रोज पाऊण तासाने पुढे. या आकडेमोडीत डोकं जरा गुंतायचं. ओहोटीला बारके खेकडे बिळाभोवती वाळूच्या गोळ्या मांडत बसतात, ते बघण्यात अर्धा तास जायचा.

रडायलाही तिथेच आलं. त्या आवाजात कोणाला कळत नाही.

एकटे असाल तर पाण्यात मात्र उतरू नका. आणि झोप-जेवण आठवडेच्या आठवडे सुटलं असेल तर डॉक्टरांना भेटा, समुद्राकडून ते काम होत नाही. मी परतेपर्यंत मामी चहा टाकायची आणि ओरडायची, "आधी पायांची वाळू झटक!"