वाचकांचे प्रश्न : अंगात लोह साठतं तेव्हा

प्रश्न : वय ४६, पुरुष. तपासणीत फेरिटिन (रक्तातलं, लोहाच्या साठ्याचा अंदाज देणारं प्रथिन) ७८० आलं. एसजीपीटी (यकृताची तपासणी) थोडं जास्त, हिमोग्लोबिन १५. भाऊ डब्लिनला नोकरीला आहे. तो म्हणतो, तिकडे असा आकडा दिसला की हिमोक्रोमॅटोसिसची, म्हणजे आनुवंशिक लोहसाठ्याची शंका घेतात, जनुक तपासणी करून टाक. करू का? की दर तीन महिन्यांनी रक्तदान केलं की भागेल? (एक वाचक, कऱ्हाड)

उत्तर : जनुक तपासणीवर आत्ता पैसे घालू नका. आधी सकाळी उपाशीपोटी सीरम आयर्न (रक्तातलं लोह) आणि टीआयबीसी (रक्ताची लोह वाहून नेण्याची एकूण क्षमता) करून घ्या. आयर्नच्या आकड्याला टीआयबीसीने भागून १०० ने गुणलं की ट्रान्सफरिन सॅच्युरेशन, म्हणजे त्या क्षमतेपैकी किती टक्के भरलीय ते, निघतं. आयर्न ११०, टीआयबीसी ३२० असेल तर ३४ टक्के. पुढचा रस्ता हा आकडा ठरवतो. फेरिटिन एकट्याने काही सिद्ध करत नाही, कारण ताप, सांध्यांची सूज, दारू, मधुमेह, वाढलेलं पोट यांपैकी कशानेही ते चढतं. नुकताच ताप येऊन गेला असेल तर दोन-तीन आठवडे थांबून रक्त द्या.

सॅच्युरेशन ४५ च्या आत आलं तर आपल्याकडे बहुतेक वेळा फॅटी लिव्हर निघतं. सोनोग्राफी, एचबीए१सी आणि लिपिड प्रोफाइल करा, दारू पूर्ण बंद ठेवा, वजन ७ ते १० टक्क्यांनी उतरवा आणि तीन महिन्यांनी फेरिटिन पुन्हा पाहा. पुरुषात ५०, स्त्रीत ४५ टक्क्यांच्या वर सॅच्युरेशन दोनदा आलं तर मात्र पोटविकारतज्ज्ञ किंवा रक्तविकारतज्ज्ञ गाठा. तिथेही आधी हिपॅटायटिस बी आणि सी, थॅलेसेमियासाठी एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार दाखवणारी तपासणी) आणि यकृतातलं लोह मोजणारा एमआरआय व्हायला हवा, मग जनुकं. फेरिटिन १,००० च्या वर असेल तर यकृत कडक झालंय का, हेही लगेच तपासतात.

रक्तदान जरूर करा, पण ते दुसऱ्याचा जीव वाचवायला. फॅटी लिव्हर त्याने बरं होत नाही. आणि खरा हिमोक्रोमॅटोसिस निघाला तर ते पुरत नाही : ३५० मिलिलिटर रक्तातून जेमतेम दीडशे ते पावणेदोनशे मिलिग्रॅम लोह जातं, तर अशा रुग्णाच्या अंगात दहा-वीस ग्रॅम साठलेलं असू शकतं. त्याचं फेरिटिन ५० च्या आसपास येईपर्यंत दर आठवड्याला सुमारे ४५० मिलिलिटर रक्त काढतात, दर वेळी हिमोग्लोबिन पाहून.

प्रश्न : हा आजार गोऱ्या लोकांनाच का होतो? आपल्याला धोका नाही, असं समजायचं का? (एक वाचक, विटा)

उत्तर : नाही, तसं समजू नका. आतड्यातून रोज एक-दोन मिलिग्रॅमच लोह आत घ्यायचं, हा हुकूम यकृतात तयार होणारं हेप्सिडिन हे संप्रेरक देतं. जनुकातल्या दोषामुळे हेप्सिडिन कमी पडलं की लोह शिरतच राहतं आणि यकृत, स्वादुपिंड, हृदय, सांधे यांत साठतं. उत्तर युरोपात याचं मुख्य कारण एचएफई जनुकातला सी२८२वाय हा बदल. आयर्लंडमध्ये साधारण दर ८३ माणसांत एकाला तो आई-बाप दोघांकडून मिळालेला असतो. तिथल्या रॅथलिन बेटावर सापडलेल्या सुमारे ४,००० वर्षांपूर्वीच्या अवशेषांतही तो सापडला. दक्षिण युरोपाकडे जावं तसा तो विरळ होतो आणि भारतात जवळपास नाहीच. अमेरिका आणि कॅनडातल्या सुमारे एक लाख लोकांच्या तपासणीत (निष्कर्ष २००५) गोऱ्यांमध्ये या बदलाच्या दोन्ही प्रती (आईकडून एक, बापाकडून एक) असलेले ०.४४ टक्के होते, आशियाई वंशाच्यांमध्ये नगण्य. तरीही आशियाई पुरुषांचं सरासरी फेरिटिन गोऱ्यांपेक्षा जास्त भरलं! म्हणून डब्लिनचा नियम कऱ्हाडला जसाच्या तसा लावता येत नाही. दोन्ही प्रती असूनही सगळे आजारी पडत नाहीत, आणि मासिक पाळीतून लोह जात असल्याने बायकांमध्ये आजार उशिरा आणि कमी दिसतो.

आपल्याकडे एच६३डी हा दुसरा बदल बऱ्यापैकी सापडतो, पण एकट्याने तो सहसा आजार करत नाही. रिपोर्टात तो दिसला म्हणून घाबरू नका. उलट सी२८२वाय ‘निगेटिव्ह’ आला म्हणून निश्चिंतही होऊ नका. हेमोज्युव्हेलिन, हेप्सिडिन, टीएफआर२, फेरोपोर्टिन यांच्या जनुकांतले दोष दुर्मिळ असले तरी कुठल्याही वंशात असतात, आणि नुसत्या एचएफईच्या तपासणीत ते दिसत नाहीत. मामाच्या मुलीशी लग्नाची रीत असलेल्या घरांत यातले मागे दडलेले दोष जोडीने उतरायची शक्यता वाढते. तिशीच्या आत हृदय कमजोर होणं, वयात न येणं किंवा सुरू झालेली पाळी थांबणं, सोबत मधुमेह, असं चित्र असेल तर सॅच्युरेशन तातडीने पाहा. तरुणपणीचा हा प्रकार हृदयावर घाला घालतो. असा रुग्ण निघाला तर सख्ख्या भावंडांचीही तपासणी करा.

प्रश्न : मुलाला थॅलेसेमिया मेजर आहे. दर तीन आठवड्यांनी मिरजेला रक्त चढवतो. फेरिटिन २,४०० आहे. हिमोक्रोमॅटोसिससारखं रक्त काढून चालेल का? (एक आई, तासगाव)

उत्तर : नाही ताई, त्याला रक्ताचीच गरज आहे. रक्ताच्या प्रत्येक पिशवीतून दोनशे-अडीचशे मिलिग्रॅम लोह येतं आणि ते बाहेर टाकायची वाट शरीराकडे नाही. ते औषधांनीच, म्हणजे गोळ्यांनी किंवा इंजेक्शनने, काढायचं. साधारण १० ते २० पिशव्या झाल्या किंवा फेरिटिन १,००० च्या वर गेलं की औषध सुरू करतात. तुमच्या मुलाचं चालू असेल तर डोस त्याच्या वाढलेल्या वजनाला पुरतोय का, आणि गोळ्या रोज पोटात जातात का, हे आधी पाहा. आकडा न उतरण्यामागे बहुधा हेच असतं. डेफेरासिरॉक्स या लोह काढणाऱ्या औषधाची विरघळणारी गोळी उपाशीपोटी पाण्यात पूर्ण मिसळून, जेवणाआधी अर्धा तास, रोज एकाच वेळी द्या. महिन्याला क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) तपासा. जुलाब-उलट्यांनी अंगातलं पाणी कमी झालं तर गोळी थांबवून डॉक्टरांना लगेच फोन करा, मूत्रपिंडाला धोका असतो. डेफेरिप्रोन हे लोह काढणारं दुसरं औषध चालू असताना ताप आला तर त्याच दिवशी पांढऱ्या पेशी मोजून घ्या, दुसऱ्या दिवसावर ढकलू नका.

प्रश्न : लोखंडी तवा आणि गूळ बंद करावा का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : लोहसाठा सिद्ध झालेला नसेल तर तवा राहू द्या. आपल्याकडे लोहाची कमतरता कितीतरी जास्त आहे. साठा सिद्ध झालेल्यांनी लोहाच्या आणि व्हिटॅमिन सीच्या गोळ्या, दारू आणि कच्चे शिंपले टाळावेत. थॅलेसेमिया मायनर (दोष एकाच पालकाकडून आलेला, सौम्य प्रकार) असलेल्यांनी नुसतं हिमोग्लोबिन १० आलं म्हणून वर्षानुवर्षं लोहाच्या गोळ्या खाऊ नयेत. फेरिटिन कमी निघालं तरच घ्याव्यात.