वाचकांचे प्रश्न : बांगलादेश – काय जमलं, कुठे अडलं

16 डिसेंबर 1971 ला मुक्त झालेल्या बांगलादेशाची प्रगती आणि त्याच्या आजच्या अडचणी या विषयावर आलेल्या पत्रांतले सहा प्रश्न इथे घेतले आहेत. एकाच आशयाची पत्रं एकत्र केली आहेत.

बांगलादेशानं बालमृत्यू इतके कमी केले, म्हणजे तिथली सरकारी रुग्णालयं आपल्यापेक्षा चांगली आहेत का? (नर्सिंगची विद्यार्थिनी, लातूर)

नाहीत. खाटा अपुऱ्या, डॉक्टर शहरात आणि औषधोपचाराचा बहुतेक खर्च रुग्णाच्या खिशातून, अशीच तिथली स्थिती आहे. तरीही 1990 मध्ये हजार जन्मांमागे पाच वर्षांखालची सुमारे 145 मुलं दगावत होती, ती संख्या 2022 च्या पाहणीत 31 वर आली. यातलं बरंचसं काम रुग्णालयाच्या बाहेर, घराच्या अंगणात झालं. लसीकरणाचा त्यात मोठा हात आहे, पण तुम्ही नर्सिंग शिकता आहात म्हणून जुलाबावरच्या उपचाराबद्दल सविस्तर लिहितो.

जुलाबानं मूल मरतं ते शरीरातलं पाणी आणि क्षार गेल्यामुळे. नुसतं पाणी पाजलं तर आतडं ते पुरेसं शोषत नाही. ग्लुकोज आणि सोडियम योग्य प्रमाणात एकत्र असले की ते जोडीनं आत जातात आणि पाणी त्यांच्यामागून जातं. ढाक्याच्या कॉलरा संशोधन प्रयोगशाळेत 1968 मध्ये हे रुग्णांवर सिद्ध झालं. 1971 मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत सलाइनच्या बाटल्या संपल्या, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी लिटरभर पाण्यात 22 ग्रॅम ग्लुकोज, 3.5 ग्रॅम मीठ आणि 2.5 ग्रॅम खाण्याचा सोडा घालून ते नातेवाइकांच्याच हातून रुग्णांना पाजलं. शंभरातले तीसच्या आसपास रुग्ण दगावत होते, ते प्रमाण चारच्या खाली आलं.

पुढचं काम ब्रॅक या संस्थेनं केलं. 1980 ते 1990 या काळात तिच्या कार्यकर्त्या घरोघरी, सव्वा कोटीच्या आसपास कुटुंबांत गेल्या. मोजमाप सोपं होतं : अर्धा शेर पाणी, तीन बोटांच्या चिमटीत मावेल तेवढं मीठ आणि मूठभर गूळ. आईला ते स्वतःच्या हातानं करून दाखवावं लागे. काही आठवड्यांनी दुसराच माणूस येऊन तिला काय आठवतं ते तपासे आणि त्यावर कार्यकर्तीचा पगार ठरे. सुरुवातीला आयांना कृती पाठ झाली, पण वापर फारसा होईना. शोध घेतल्यावर कळलं की कार्यकर्त्यांचाच या पाण्यावर विश्वास नव्हता आणि घरातल्या पुरुषांना कुणी काही सांगितलंच नव्हतं. या दोन्ही गोष्टी दुरुस्त केल्यावर वापर वाढला. आमच्या मते या मोहिमेतून शिकण्यासारखं सर्वांत मोलाचं ते हेच.

तुमच्या कामासाठी : आजच्या जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचं पाकीट 20.5 ग्रॅमचं, एक लिटर पाण्यासाठी असतं. बांगलादेशात अर्ध्या लिटरचं पाकीट जास्त चालतं, कारण घरात लिटरचं भांडं असेलच असं नाही. पाकीट अर्धं-अर्धं करून वापरू देऊ नका. पाणी कमी पडलं तर द्रावण खारट होऊन रक्तातलं सोडियम वाढतं आणि बाळाला झटके येऊ शकतात. चवीसाठी वरून साखर घातली तर जुलाब वाढतात. पाकीट नसेल तर लिटरभर पाण्यात सपाट अर्धा चहाचा चमचा मीठ आणि सहा सपाट चमचे साखर. सोबत झिंक : सहा महिन्यांखालच्या बाळाला रोज 10 मिलिग्रॅम, त्यावरच्या मुलाला 20, असं 10 ते 14 दिवस, जुलाब थांबले तरी पूर्ण करायचं.

शुद्ध पाण्यासाठी हातपंप बसवले आणि त्यातूनच आर्सेनिक आलं, हे कसं? पाणी उकळून प्यायलं तर चालत नाही का? (बोअरवेल ठेकेदार, जालना)

आधी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर : उकळून उलट नुकसान होतं. आर्सेनिक वाफेबरोबर जात नाही. पाणी आटतं आणि त्याचं प्रमाण वाढतं. तुरटी, कापडाची गाळणी किंवा क्लोरीन यांपैकी एकटं काहीही पुरत नाही.

तळ्या-नद्यांच्या पाण्यातून होणारे जुलाब टाळण्यासाठी 1970 च्या दशकापासून युनिसेफ आणि तिथल्या जनआरोग्य अभियांत्रिकी विभागानं उथळ नळकूप (हातपंपाच्या बोअर) बसवायला सुरुवात केली. पुढे लोकांनी स्वखर्चानं बसवले आणि संख्या कोटीच्या घरात गेली. गाळाच्या मऊ जमिनीत दोन-तीन माणसं बांबू आणि पाइपच्या साहाय्यानं एका दिवसात बोअर घेतात. वर ओतीव लोखंडाचा ‘नंबर सहा’चा पंप बसवतात. तो शोषण-पंप असल्यानं पाण्याची पातळी सात मीटरच्या खाली गेली की निकामी ठरतो. चामड्याचा वॉशर सुकला की वरून पाणी ओतावं लागतं, आणि ते तळ्याचं असेल तर जंतू थेट आत जातात.

आर्सेनिक बाहेरून आलेलं नाही. हिमालयातून वाहून आलेल्या गाळाच्या कणांवर लोहाच्या ऑक्साइडचा लेप असतो, त्याला ते चिकटलेलं असतं. गाळात कुजणारा पालापाचोळा ऑक्सिजन संपवतो, मग जिवाणूंच्या क्रियेनं लोह विरघळतं आणि आर्सेनिक पाण्यात सुटतं. म्हणून दोष बहुतांशी उथळ थरात असतो. 150 मीटरच्या खालचं पाणी बहुतेक ठिकाणी सुरक्षित आहे. 1993 मध्ये चापाई नवाबगंज भागात हे प्रथम सापडलं. तोवर विहिरीच्या पाण्याची आर्सेनिकसाठी तपासणी करण्याची पद्धतच नव्हती. 2000 नंतर जवळपास 50 लाख नळकूप तपासले गेले. लिटरमागे 50 मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त आढळलं तर पंपाचं तोंड लाल रंगवायचं, कमी असेल तर हिरवं. साधारण 29 टक्के लाल निघाले. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा 10 मायक्रोग्रॅमची आहे, म्हणजे तिथला ‘हिरवा’ही पूर्ण निर्धोक नव्हे.

पुढे काय बिघडलं ते पाहा. रंग काही वर्षांत उडाला, त्यानंतर लाखो नवे नळकूप तपासणीविना बसले. सरकारी खर्चाचे खोल नळकूप पुष्कळदा गावातल्या वजनदार माणसाच्या अंगणात गेले, तिथे शेजारणींना हक्कानं जाता येत नाही. 2019 च्या पाहणीतही दर दहांत साधारण एक माणूस 50 च्या वरचं पाणी पीत होता. तळहात-तळपायांवर कडक गाठी, छातीवर ठिपके ही लक्षणं दिसायला काही वर्षं लागतात. कर्करोग त्याहून उशिरा होतो. पाणी बदलणं हाच मुख्य उपाय आहे.

तुमच्या भागात बेसॉल्ट खडक आहे, तिथे हा धोका सहसा नसतो. महाराष्ट्रात यवतमाळ, चंद्रपूर भागात फ्लोराइड तपासायला हवं. नवीन बोअर चालू करताना गिऱ्हाइकाला प्रयोगशाळेचा अहवाल घ्यायला लावा.

1970 च्या वादळात लाखो माणसं गेली, आता तशाच वादळात मोजकीच जातात. हे कसं जमलं? (शिक्षक, रत्नागिरी)

12 नोव्हेंबर 1970 च्या भोला चक्रीवादळात 3 ते 5 लाख माणसं मेली. एप्रिल 1991 मध्ये 1 लाख 38 हजारांच्या आसपास, 2007 च्या ‘सिडर’मध्ये सुमारे 3,400, तर मे 2020 च्या ‘अम्फान’मध्ये तिथले बळी तीसच्या आत राहिले. स्वातंत्र्यानंतर लगेच रेड क्रॉस आणि सरकार यांनी मिळून स्वयंसेवकांचं जाळं उभारलं. आज त्यात 76 हजारांवर स्वयंसेवक आहेत आणि निम्म्या स्त्रिया आहेत. इशारा क्रमांक 4 ला एक झेंडा, 5 ते 7 ला दोन, 8 ते 10 ला तीन. तीन झेंडे लागले की भोंगा वाजवत घरोघर जायचं.

1991 मध्ये बायका-मुलं जास्त मेली. नवरा घरी नसताना बाहेर पडायचं नाही, निवाऱ्यात बायकांसाठी वेगळी खोली-संडास नाहीत, गुरं मागे सोडवत नाहीत, अशी कारणं पुढे आली. म्हणून नंतरचे निवारे शाळेच्याच इमारतीत, वेगळ्या खोल्यांसह बांधले आणि गुरांसाठी मातीचे उंचवटे केले.

जीव वाचले, जमीन मात्र वाचलेली नाही. 1960 च्या दशकापासून बांधलेल्या 139 बांधबंदिस्त पट्ट्यांमुळे नदीचा गाळ आत येत नाही, तो बाहेर पात्रात साचतो. आतली जमीन खाली राहते आणि पावसाचं पाणी तुंबतं. 2009 च्या ‘आयला’त बांध फुटले तेव्हा खारं पाणी काही ठिकाणी दोन-दोन वर्षं शेतात उभं होतं. ठरावीक ठिकाणी बांध मुद्दाम उघडून भरतीचा गाळ आत घ्यायचा, हा उपाय जेसोर-खुलना भागात चालला. पण तेवढी वर्षं पीक बुडणाऱ्या शेतकऱ्याला भरपाई वेळेवर मिळत नाही, म्हणून लोक विरोध करतात. त्यांचा विरोध रास्त आहे.

आमच्याकडे शिवणकाम पिढ्यानपिढ्या आहे, तरी तयार कपड्यांत बांगलादेश इतका पुढे कसा? आणि तो टिकेल का? (युनिट सुपरवायझर, सोलापूर)

स्वस्त मजुरी हे अर्धंच कारण. चितगावच्या देश गारमेंट्सनं कोरियाच्या देवू कंपनीशी करार करून 1979 मध्ये 130 माणसं बुसानला शिकायला पाठवली. त्यातल्या बहुतेकांनी पुढे दुसऱ्या कारखान्यांत जाऊन किंवा स्वतःचे काढून ती विद्या पसरवली. त्याच सुमारास दोन सवलती मिळाल्या. पहिली बॅक-टू-बॅक एलसी (एलसी म्हणजे मालाचे पैसे देण्याची बँकेची लेखी हमी) : परदेशी खरेदीदाराच्या एलसीच्या तारणावर बँक कापड आयातीची दुसरी एलसी उघडते, म्हणजे कापडात मालकाचं भांडवल अडकत नाही. दुसरी बाँडेड गोदाम : निर्यातीसाठी आणलेल्या कापडावर शुल्क नाही. आज देशाच्या निर्यातीत 80 टक्क्यांहून जास्त वाटा कपड्यांचा आहे. एकाच धंद्यावर इतकं अवलंबून राहणं धोक्याचं आहे.

24 एप्रिल 2013 ला सावार इथली राणा प्लाझा इमारत कोसळून 1,134 माणसं मेली. आदल्या दिवशी भेगा दिसल्या होत्या. खालची बँक बंद ठेवली गेली, शिवणकामगारांना मात्र पगार कापण्याच्या धाकानं आत बोलावलं. वीज गेली, वरच्या मजल्यांवरचे जनरेटर सुरू झाले आणि त्या हादऱ्यानं बेकायदा वाढवलेले मजले खाली आले. त्यानंतर परदेशी ब्रँड आणि कामगार संघटनांच्या करारानं सुमारे 1,600 कारखाने तपासले : खांबांच्या काँक्रीटचे नमुने, मजल्यावरचा भार, जिन्याची कुलपं, अग्निरोधक दारं. तुमच्या युनिटमध्येही सुताच्या गाठी आणि जनरेटर वरच्या मजल्यावर असतील तर आधी ते खाली आणा. तिथलं किमान वेतन डिसेंबर 2023 पासून महिना 12,500 टका (टका हे तिथलं चलन) आहे. कामगारांची मागणी त्याच्या जवळपास दुप्पट होती.

टिकण्याची खरी परीक्षा ‘अल्पविकसित देश’ हा दर्जा सुटल्यावर आहे. संयुक्त राष्ट्रांनी त्यासाठी 24 नोव्हेंबर 2026 ही तारीख ठरवली. ती पुढे ढकलावी असा तिथल्या उद्योजकांचा आग्रह राहिला. युरोपची शुल्कमाफी त्यानंतर तीन वर्षं राहते. आज नुसतं शिवलं तरी माल ‘बांगलादेशी’ ठरतो, पुढे सवलतीसाठी कापडही तिथेच विणलेलं लागेल. होजिअरीला ते जमेल, कारण तिचं सूत आणि कापड बहुतांशी देशातच होतं. शर्ट-पँटचं बरंच कापड चीन आणि भारतातून येतं, तिथे अडचण होईल.

जन्मदर इतका घटला, मग बालविवाह का घटत नाहीत? (वाचक, पुणे)

1970 च्या सुमारास एका स्त्रीला सरासरी सात मुलं होत, 2022 मध्ये 2.3. गर्भनिरोधक साधनं घरपोच देणाऱ्या कार्यकर्त्या गावोगावी नेमल्या, त्याचं हे फळ. पण 2022 च्या पाहणीत 20 ते 24 वयाच्या निम्म्या स्त्रियांचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. 1994 पासून सहावी ते दहावीच्या ग्रामीण मुलींना उपस्थिती 75 टक्के, गुण 45 टक्के आणि अविवाहित असणं या अटींवर शिष्यवृत्ती मिळाली. मुली शाळेत आल्या, पण दहावीनंतर नोकरी नाही, वय वाढलं की हुंडा वाढतो, रस्त्यावर सुरक्षितता नाही. त्यात 2017 च्या कायद्यानं ‘विशेष परिस्थिती’त अठराच्या आत लग्नाला वाट ठेवली. ती पळवाट बंद व्हायलाच हवी.

बांगलादेशानं आमच्या संत्र्यांवर एवढं शुल्क का लावलं? (बागायतदार, वरुड)

तुमच्या संत्र्यांवर रोख नव्हता. तिथलं सरकार करातून देशाच्या उत्पन्नाच्या जेमतेम 8 टक्के रक्कम गोळा करतं. भारतात केंद्र आणि राज्यं मिळून हे प्रमाण 17-18 टक्क्यांच्या आसपास आहे. प्राप्तिकर भरणारे थोडे, सवलती पुष्कळ, म्हणून सीमेवर सहज वसूल होणाऱ्या शुल्कावर भार पडतो. लस किंवा मिठाचं पाणी घरोघरी नेता आलं. कर वसूल करायला, कारखाना तपासायला आणि कर्जबुडव्या मालकाला कोर्टात उभं करायला मात्र निर्भीड यंत्रणा लागते, आणि ती तिथे कधी नीट उभी राहिलीच नाही. 2022 मध्ये डॉलर आटले तेव्हा फळं चैनीच्या यादीत गेली, त्यांच्यावर जादा शुल्क बसलं आणि एलसीसाठी बँका कडक मार्जिन (आगाऊ ठेवायची रक्कम) मागू लागल्या. 2023 मध्ये संत्र्याचा बोजा किलोमागे 88 टका इतका झाला.

तिथलं आर्थिक वर्ष 1 जुलैला सुरू होतं, अर्थसंकल्प जूनमध्ये येतो. म्हणजे आंबिया बहाराच्या तोडणीआधी दर कळतो. अधेमधेही तो बदलतो, त्यामुळे पेट्रापोल-बेनापोल सीमानाक्याकडे ट्रक सोडण्यापूर्वी आयातदाराकडून त्या दिवसाचा दर आणि उघडलेल्या एलसीची प्रत लेखी घ्या. उधारीवर माल पाठवू नका.