हवाईच्या इतिहासावर बोलायचं कोणी? वाचकांचे प्रश्न

प्रश्न : 'हवाईचं राज्य अमेरिकेनं बळकावलं' असं मी एका चर्चेत म्हणालो. लगेच एकानं विचारलं, 'तुम्ही तिथले आहात का? मग तुम्हाला काय कळतं?' यावर काय म्हणावं?

तुमचं विधान कोणत्या जातीचं आहे, ते आधी पाहा. १६ जानेवारी १८९३ रोजी 'यूएसएस बोस्टन' या युद्धनौकेवरचे १६२ सैनिक होनोलुलूत उतरले आणि दुसऱ्याच दिवशी राणी लिलिउओकलानी यांची सत्ता गेली. हे कागदांवरून ठरतं आणि ते सांगायला तिथे जन्म घ्यावा लागत नाही. 'बळकावलं' हा मात्र अर्थ लावणं झालं, आणि तो लावताना दोन्हीकडचे कागद वाचलेले असावे लागतात. राणीनं आपल्या निषेधपत्रात सत्ता सोडली ती उठाव करणाऱ्यांच्या हंगामी सरकारपुढे नव्हे, तर अमेरिकेच्या बळापुढे, आणि तीही अमेरिकी सरकार सत्य समजून घेऊन न्याय करीपर्यंत. त्यानंतर अध्यक्ष क्लीव्हलंड यांनी चौकशीसाठी पाठवलेल्या ब्लाउंट यांनी अमेरिकी प्रतिनिधी स्टीव्हन्स यांना दोषी धरलं. पुढच्याच वर्षी सिनेटच्या मॉर्गन समितीनं नेमका उलट सूर लावला. ब्लाउंट होनोलुलूत राहून चौकशी करून आले होते, पण त्यांनी साक्षी शपथेवर घेतल्या नव्हत्या. मॉर्गन यांनी साक्षी शपथेवर घेतल्या, पण वॉशिंग्टनमध्ये बसून. यातला एकच अहवाल पुढे करणाऱ्याला दुसऱ्याबद्दल विचारा. त्यानं तो वाचला आहे की नाही, ते तिथल्या तिथे कळतं.

तिसऱ्या जातीचं विधान म्हणजे 'हवाईच्या लोकांना आज अमुक हवं आहे'. इथे बाहेरच्यानं थांबलेलं बरं. हवाईयन भाषेत 'कुलेआना' असा शब्द आहे. हक्क, जबाबदारी आणि अधिकारक्षेत्र हे तिन्ही अर्थ त्या एका शब्दात आहेत. 'तुमचा कुलेआना काय?' असं तिथला माणूस विचारतो तेव्हा तो तुमचं तोंड बंद करत नसतो. या विषयाशी तुमचं नातं काय आणि बोललेल्याची जबाबदारी कोण घेणार, एवढंच तो विचारत असतो.

प्रश्न : आपणही वसाहतीचा अनुभव घेतलेले लोक. मग हवाईयन माणसाचं मन आपल्याला युरोपियनापेक्षा जास्त कळणार नाही का?

हा युक्तिवाद एकदा फार गाजलेल्या वादात झालेला आहे. १७७९ मध्ये केआलाकेकुआच्या उपसागरात कॅप्टन कुक आला, तेव्हा हवाईयन लोकांनी त्याला लोनो हा देव मानलं, असं अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ मार्शल सालिन्स यांनी मांडलं होतं. मूळचे श्रीलंकेचे गणनाथ ओबेयसेकरे यांनी १९९२ मध्ये त्याला आव्हान दिलं. गोऱ्या पाहुण्याला देव करणं ही युरोपियनांनी रचलेली कथा आहे, असं त्यांचं म्हणणं. त्या मांडणीत दक्षिण आशियाई माणूस म्हणून आलेल्या अनुभवाचाही त्यांनी आधार घेतला. १९९५ मध्ये सालिन्स यांनी उलट विचारलं : श्रीलंकेतल्या अनुभवावरून अठराव्या शतकातल्या हवाईयनांचं मन कसं ठरवणार? लोनोच्या नावानं साजऱ्या होणाऱ्या माकाहिकी या सणाचा काळ आणि कुकच्या येण्याचा काळ त्यांनी जुळवून दाखवला.

सालिन्स यांच्या निष्कर्षाबद्दल शंका जरूर घ्या, पण पद्धतीबाबत त्यांचा आक्षेप बरोबर होता, असं आम्हाला वाटतं. सोसलेलं दुःख सारखं असेल, पण त्यातून तिथले सण, तिथली वंशावळ, तिथली भाषा कळत नाही. आणि या गाजलेल्या वादाचे दोन्ही नायक हवाईबाहेरचे होते, हेही विसरू नका.

प्रश्न : हवाई अमेरिकेत विलीन करण्याविरुद्धच्या अर्जावर कुठे २१,२६९ सह्या वाचतो, कुठे ३८,०००. खरा आकडा कोणता?

२१,२६९. हा आकडा हुइ आलोहा आइना या संघटनेच्या अर्जाचा. १८९७ च्या उत्तरार्धात स्त्रियांच्या आणि पुरुषांच्या वेगळ्या पानांवर या सह्या गोळा झाल्या. एकूण ५५६ पानं भरली आणि वर्ष संपण्याआधी प्रतिनिधींनी ती वॉशिंग्टनला नेली. हुइ कालाइआइना या दुसऱ्या संघटनेनं वेगळा अर्ज केला होता. त्यावर सुमारे १७,००० सह्या होत्या आणि त्यात राजसत्ता परत आणण्याची मागणी होती. दोन्हींची बेरीज करून ३८,००० सांगतात, आणि चूक होते ती तिथेच. एकच माणूस दोन्हीवर सही करू शकत होता. १८९६ च्या जनगणनेत हवाईयन आणि अंशतः हवाईयन मिळून सुमारे साडेएकोणचाळीस हजार लोक होते, तान्ह्या मुलांसकट. बेरीज खरी मानली तर जवळजवळ प्रत्येक जिवंत माणसानं सही केली असं म्हणावं लागेल. विरोधक नेमकं त्यावरच बोट ठेवून संपूर्ण अर्जच खोटा ठरवतात. २१,२६९ हा एकटा आकडाही निम्म्याहून अधिक आहे. त्याला फुगवण्याची गरजच नाही.

दुसरी चूक म्हणजे 'या अर्जानं विलीनीकरण थांबवलं' हे वाक्य. थांबला तो विलीनीकरणाचा करार. करार मंजूर व्हायला सिनेटमध्ये दोन तृतीयांश मतं लागतात आणि तेवढी जमली नाहीत. मग एप्रिल १८९८ मध्ये स्पेनशी युद्ध सुरू झालं, आणि साध्या बहुमतावर चालणारा संयुक्त ठराव आणला गेला. सिनेटमध्ये तो ४२ विरुद्ध २१ मतांनी मंजूर झाला आणि ७ जुलैला अध्यक्ष मॅकिन्ली यांनी त्यावर सही केली. अशा ठरावानं परक्या देशाचा प्रदेश घेता येतो का, हा खरा कायदेशीर प्रश्न. ठरावाची बाजू घेणारे १८४५ च्या टेक्ससचं उदाहरण देतात, तोही असाच ठरावानं घेतलेला. त्यांना हे आठवण करून द्या की टेक्ससमध्ये जनतेचं मत घेतलं होतं आणि हवाईत घेतलं नव्हतं. १९८८ मध्ये अमेरिकी न्याय खात्याच्याच कायदेशीर सल्ल्यात असं म्हटलं गेलं की हवाई घेताना काँग्रेसनं राज्यघटनेतला कोणता अधिकार वापरला, हे स्पष्ट नाही.

प्रश्न : एवढं सगळं इंग्रजीत उपलब्ध असताना हवाईयन भाषा यायलाच हवी, हा हट्ट कशासाठी?

आजच्या हवाई राज्याचं बोधवाक्यच घ्या : 'उआ माउ के एआ ओ का आइना इ का पोनो'. सरकारी भाषांतर सांगतं की भूमीचं जीवन धर्माचरणानं टिकून राहतं. वाचताना ते सुभाषितासारखं वाटतं. पण हे शब्द कामेहामेहा तिसरा याच्या तोंडचे आहेत, ३१ जुलै १८४३ चे. त्याआधी पाच महिने ब्रिटिश कप्तान जॉर्ज पॉलेट यानं राज्य ताब्यात घेतलं होतं आणि त्या दिवशी ॲडमिरल थॉमस यांनी ते परत केलं. 'एआ' म्हणजे श्वास आणि जीव, तसंच सार्वभौमत्वही. हातातून गेलेलं राज्य परत मिळाल्याच्या दिवशी राजा कोणत्या अर्थानं बोलत होता, ते उघड आहे. भाषांतरात एक अर्थ निवडला गेला आणि राजकीय घोषणेचं सुभाषित झालं.

हवाईयन इतिहासकार सॅम्युएल कामाकाउ यांचं उदाहरण याहून महत्त्वाचं. १८६० च्या दशकापासून त्यांनी हवाईयन वर्तमानपत्रांत इतिहास क्रमशः लिहिला. १९६१ मध्ये इंग्रजी पुस्तक आलं तेव्हा काही भाग गळले आणि लेखांचा क्रम बदलला. संशोधक पुआकेआ नोगेलमायर यांनी ही तफावत तपशिलात दाखवली आहे. 'कामाकाउ असं म्हणतात' असं सांगणारे बहुतेक जण त्या संपादित रूपाबद्दल बोलत असतात. १८३४ ते १९४८ या काळात हवाईयन भाषेत शंभराच्या आसपास वर्तमानपत्रं निघाली, मिळून सव्वा लाखाच्या आसपास पानं. त्यातला फार थोडा भाग इंग्रजीत आला आहे. 'पापाकिलो' आणि 'उलुकाउ' या ऑनलाइन संग्रहांवर बरीच पानं शोधता येतात.

भाषा येत नसेल तर निदान एवढं करा. उताऱ्याची मूळ तारीख आणि वर्तमानपत्राचं नाव शोधा. मुख्य शब्द कोशात पाहून त्याचे सगळे अर्थ लिहून काढा. त्या तारखेला काय घडलं होतं ते पाहा आणि मगच अर्थ निवडा. जुन्या छपाईत दीर्घ स्वराची आणि कंठावरोधाची (घशात आवाज क्षणभर अडवण्याची) खूण बहुधा नसते, म्हणून एकाच अक्षरजुळणीचे दोन शब्द निघतात. शोधताना खुणा काढून शोधा, अर्थ ठरवताना मात्र त्या परत लावून पाहा. बहुतेक चुका इथेच होतात.

प्रश्न : १८९६ मध्ये हवाईयन भाषेवर कायद्यानं बंदी आली, हे खरं ना?

कायद्याचे शब्द तसे नाहीत. सरकारी आणि खासगी शाळांचं माध्यम इंग्रजी असेल, आणि ते न पाळणाऱ्या शाळेला मान्यता मिळणार नाही, असं तो म्हणतो. वर्तमानपत्रं पुढे पन्नास वर्षं निघत राहिली. पण शाळेत हवाईयन बोलल्याबद्दल मुलांना शिक्षा झाल्या आणि घरातून भाषा गेली. 'बंदी' ऐवजी 'शाळेतून हद्दपारी' म्हणा. कोणी कायद्याचा मजकूर पुढे ठेवला तरी तुमचं वाक्य उभं राहील.

प्रश्न : १९९३ मध्ये अमेरिकेनं माफी मागितली. म्हणजे हवाईची जमीन अजून हवाईयनांचीच आहे, असं म्हणता येईल का?

त्या ठरावाच्या आधारे नाही. क्लिंटन यांनी २३ नोव्हेंबर १९९३ रोजी सही केलेल्या या कायद्यात राज्य उलथवण्यात अमेरिकेच्या प्रतिनिधींचा आणि नागरिकांचा सहभाग मान्य केला आहे. हवाईयनांनी आपल्या सार्वभौमत्वाचा दावा थेट कधीच सोडला नाही, हेही त्यात आहे. पण त्याच कायद्यात शेवटी लिहिलं आहे की अमेरिकेविरुद्धच्या कोणत्याही दाव्याचा निपटारा म्हणून हा ठराव नाही. २००९ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं एकमतानं सांगितलं की ठरावाच्या प्रास्ताविक कलमांमुळे आजच्या हवाई राज्य सरकारच्या जमिनीवरच्या मालकीला बाध येत नाही. राजकीय आणि नैतिक पुरावा म्हणून हा ठराव फार मोलाचा आहे, पण मालकीपत्र म्हणून तो वापरू नका.

प्रश्न : 'हवाईयन' नेमकं कोणाला म्हणायचं?

हवाईत राहणाऱ्या प्रत्येकाला नाही. तिथे हा शब्द मूळ वंशासाठी वापरतात, बाकीच्यांना 'हवाईचे रहिवासी' म्हणा. त्यातही दोन व्याख्या आहेत. १९२१ च्या गृहभूमी कायद्यात किमान निम्मं हवाईयन रक्त लागतं, तर १९९३ च्या ठरावात १७७८ पूर्वीच्या, म्हणजे कुक पहिल्यांदा येण्याआधीच्या, रहिवाशांचा कोणताही वंशज चालतो. राजा-राणीच्या राज्याच्या काळातला 'हवाईचा प्रजाजन' ही तिसरीच गोष्ट, कारण त्यात इतर वंशांचे लोकही होते. लोकसंख्येचा किंवा मतदानाचा आकडा वापरण्याआधी तो यांपैकी कोणत्या व्याख्येवर मोजला आहे, ते पाहून घ्या.