वाचकांचे प्रश्न : पोलिसांची नोटीस आली, आता पुढे?

प्रश्न : भांडणात समोरच्याचा हात मोडला. भावावर भारतीय न्याय संहितेच्या कलम ११७(२) खाली गुन्हा नोंदला असून, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) ची (पोलिसांपुढे हजर राहण्याची) नोटीस आली आहे. अटक होईल का?

उत्तर : दिलेल्या तारखेला हजर राहिल्यास सहसा नाही. अटक करायचीच झाली तर पोलिसांना कारणे लेखी नोंदवावी लागतात. मात्र नोटीस टाळली, तर अटकेचे कारण तुम्हीच पुरवता. शिवाय हा गुन्हा जामीनपात्र आहे. नोटीस व एफआयआरची प्रत घेऊन आधी वकिलांना भेटा. जबाबावर सही करायची नसते, नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १८१ तेच सांगते. भावालाही मार लागला असेल, तर सरकारी रुग्णालयातले प्रमाणपत्र आजच घ्या; वळ पुसले की पुरावाही जातो.

शिक्षा कमाल ७ वर्षे आणि दंड. पण जखमी व्यक्ती तयार असेल, तर न्यायालयाच्या परवानगीने तडजोड होते आणि तिचा परिणाम निर्दोष सुटकेइतकाच असतो. त्यासाठी फिर्यादीला परस्पर गाठू नका, दबावाचा आरोप येतो. बोलणी वकिलांमार्फतच करा. दोष सिद्ध झाला तरी १९५८ च्या परिवीक्षा कायद्याखाली चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडण्याची विनंती करता येते.