पडदा मोठा, प्लेअर कोणता?

प्रश्न : आमच्याकडे फुल एचडी प्रोजेक्टर आहे आणि बैठकीच्या खोलीत १०० इंची पडदा लावला आहे. सध्या जुना डीव्हीडी प्लेअर जोडून सिनेमे पाहतो. टीव्हीवर छान दिसणारं चित्र पडद्यावर धुरकट वाटतं. ब्लू-रे प्लेअर घ्यायचा विचार आहे, पण बेताच्या खर्चात. विक्रेता म्हणतो, घेताय तर फोर-केच घ्या. घरात कपाटभर डीव्हीडी आहेत, त्या टाकवत नाहीत. आवाजासाठी ऑप्टिकल इनपुट असलेला जुना ॲम्प्लिफायर आहे, त्याला एचडीएमआय नाही. स्वस्त प्लेअर घेतला तर चित्रात तडजोड होईल का?

उत्तर : ब्लू-रे डिस्क पाहताना होणार नाही. साधा ब्लू-रे प्लेअर निर्धास्तपणे घ्या आणि वाचलेले पैसे खिडक्यांना जाड, गडद पडदे लावण्यासाठी ठेवा. प्रोजेक्टरच्या चित्राला अंधारासारखा दुसरा उपाय नाही. मात्र प्लेअर घेण्याआधी काही गोष्टी नक्की तपासा. खोक्यावर त्या सहसा ठळक छापलेल्या नसतात.

आधी धुरकटपणाचं बघू. तुमचा डीव्हीडी प्लेअर बिघडलेला नाही. १०० इंची पडदा साधारण २२१ सेंटिमीटर रुंद असतो. डीव्हीडीच्या चित्रात एका ओळीत ७२० बिंदू असतात. ते एवढ्या रुंदीवर पसरले की प्रत्येक बिंदू तीन मिलिमीटरचा होतो. ब्लू-रेच्या ओळीत १९२० बिंदू, म्हणजे एक बिंदू सव्वा मिलिमीटरपेक्षाही बारीक. चांगल्या नजरेच्या माणसाला हा बारकावा सुमारे चार मीटरपर्यंत वेगळा ओळखता येतो. तुम्ही त्याच्या आत बसत असाल, तर ब्लू-रेचा सगळा फायदा पदरात पडेल. टीव्ही लहान होता, म्हणून डीव्हीडीतली उणीव आजवर झाकली गेली.

आता स्वस्त प्लेअर का चालतो ते सांगतो. ब्लू-रेवरचा सिनेमा बहुतेक वेळा १९२० बाय १०८० बिंदूंचा आणि सेकंदाला २४ फ्रेमचा असतो. तुमच्या प्रोजेक्टरची चिपही तेवढ्याच बिंदूंची आहे. प्लेअरला चित्र लहान-मोठं करावं लागत नाही. डिस्कवरची माहिती उलगडायची आणि एचडीएमआयमधून पुढे द्यायची, एवढंच त्याचं काम. ती कशी उलगडायची याचे नियम काटेकोर ठरलेले आहेत, त्यामुळे महागड्या प्लेअरमधून वेगळं, सुंदर चित्र बाहेर पडायला जागाच नाही. रंगांची माहिती डिस्कवर कमी बारकाव्याने साठवलेली असते आणि ती वाढवण्याच्या पद्धतीत प्लेअरगणिक थोडा फरक असतो, पण तो शोधायला पडद्याला नाक लावून बसावं लागेल.

मग प्लेअर-प्लेअरमध्ये फरक कुठे पडतो? तुमच्या त्या कपाटभर डीव्हीडींमध्ये. ४८० किंवा ५७६ ओळींचं चित्र १०८० ओळींचं करायचं आणि शिवाय एकाआड एक ओळींमध्ये साठवलेली दोन अर्धी चित्रं जोडून एक सलग चित्र बनवायचं, हे कसबाचं काम आहे. ते जमत नसेल तर तिरक्या कडा दातेरी दिसतात. म्हणून विकत घेण्याआधी स्वतःची एक डीव्हीडी घेऊन जा आणि शक्यतो मोठ्या पडद्यावर लावून बघा. जिन्याचा कठडा, पट्ट्यापट्ट्यांचा शर्ट, हळूहळू आडवा फिरणारा कॅमेरा असलेला प्रसंग निवडा. कठड्याच्या गजांवर मुंग्या चालल्यासारखी वळवळ दिसली तर तो प्लेअर नको. घरी आणल्यावर आणखी एक प्रयोग करा: प्लेअरचं आउटपुट एकदा १०८० वर आणि एकदा मूळ ४८० किंवा ५७६ वर ठेवून तोच प्रसंग पाहा. दुसऱ्या वेळी चित्र मोठं करण्याचं काम प्रोजेक्टर करतो. ज्याचं काम चांगलं दिसेल त्याच्याकडे ते सोपवा.

तरीही डीव्हीडीची ब्लू-रे होणार नाही, ही अपेक्षा मनातून काढून टाका. डीव्हीडीच्या थरात ४.७ जीबी मावतात, ब्लू-रेच्या थरात २५. तिथे लाल लेझर ६५० नॅनोमीटरचा, इथे निळसर-जांभळा ४०५ चा, त्यामुळे बारीक खुणा वाचता येतात. जे डिस्कवर नोंदलेलंच नाही, ते कोणताही प्लेअर आणून देऊ शकत नाही.

आता २४ फ्रेमची गोष्ट. मला ती फार महत्त्वाची वाटते आणि बहुतेक घरांत तिच्याकडे दुर्लक्ष होतं. प्लेअर सेकंदाला ६० फ्रेम पाठवत असेल, तर २४ चे ६० करण्यासाठी तो एक फ्रेम दोनदा, पुढची तीनदा, मग पुन्हा दोनदा असं दाखवतो. चित्र स्थिर असताना कळत नाही, पण कॅमेरा फिरू लागला की हलके झटके बसतात. माझ्या हाती येणारा प्रत्येक प्लेअर मी आधी शेवटच्या नामावलीवर तपासतो. काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरं वर सरकताना एका नावावर नजर ठेवा आणि ते नाव वर जाईपर्यंत सोडू नका. ते एका चालीने सरकलं पाहिजे. थांबत-थांबत सरकलं, तर प्लेअरच्या मेनूत ‘२४पी आउटपुट’ शोधा आणि ‘ऑटो’ किंवा ‘ऑन’ करा. बऱ्याच प्लेअरमध्ये ते मुळात बंद असतं. तरी झटके राहिले, तर प्रोजेक्टर आतल्या आत ६० करतोय असं समजा. काही स्वस्त प्रोजेक्टरमध्ये असं होतं आणि त्यावर प्लेअर बदलून उपयोग नसतो. प्रोजेक्टरमध्ये मधल्या फ्रेम स्वतः रचून चित्र गुळगुळीत करण्याची सोय असेल तर ती सिनेमासाठी बंद ठेवा, असं माझं ठाम मत आहे. तिने सिनेमाची चाल बदलते आणि तो मालिकेसारखा दिसू लागतो.

तुमच्या बाबतीत आवाजाच्या जोडणीवर सगळं अडू शकतं. प्रोजेक्टर पडद्यापासून लांब असतो आणि त्याचा स्पीकर नावापुरता, म्हणून आवाज प्लेअरमधूनच थेट ॲम्प्लिफायरला जायला हवा. अनेक स्वस्त प्लेअरना मागे एक एचडीएमआय आणि एक कोॲक्सियल (डिजिटल आवाजाचंच, पण तांब्याच्या तारेचं) एवढीच तोंडं असतात, ऑप्टिकल नसतं. तेव्हा प्लेअर उलटा करून मागची बाजू बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. बाकी सगळं पसंत असेल आणि कोॲक्सियलवर अडत असेल, तर कोॲक्सियलचं ऑप्टिकल करणारी छोटी डबी मिळते, ती चालते. ऑप्टिकलमधून डॉल्बी ट्रूएचडी किंवा डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ हे ब्लू-रेवरचे उच्च दर्जाचे आवाज जात नाहीत, साधं डॉल्बी डिजिटल किंवा डीटीएस ५.१ जातं. तेही छान वाजतं. केवळ त्यासाठी चालू ॲम्प्लिफायर काढून टाकू नका. पुढे कधी एचडीएमआयचा रिसीव्हर (चित्र-आवाज दोन्ही जोडता येणारा ॲम्प्लिफायर) घेतलात, तर प्लेअरच्या मेनूतलं ‘बीडी ऑडिओ मिक्स’ बंद करा. ते चालू असलं की मूळ उच्च दर्जाचा आवाज पुढे जात नाही.

आवाज थेट जाणार आणि चित्र प्रोजेक्टरमध्ये प्रक्रिया होऊन थोडं मागे पडणार. ओठ हलण्याआधी शब्द ऐकू आले, तर ‘ऑडिओ डिले’ थोडाथोडा वाढवत संवाद जुळवून घ्या. ही सोय प्लेअरमध्ये आहे का, हे दुकानातच विचारा.

विभागांचंही पाहून घ्या. ब्लू-रेसाठी जग ए, बी, सी अशा तीन विभागांत वाटलेलं आहे, तर डीव्हीडीला वेगळे आकडे आहेत. दुसऱ्या विभागाची डिस्क साध्या प्लेअरमध्ये चालत नाही. परदेशातून आलेल्या डिस्क तुमच्या कपाटात असतील, तर त्याच आधी लावून पाहा.

आणि फोर-के? तुमच्या प्रोजेक्टरसाठी आत्ता नको. अल्ट्रा एचडी, म्हणजे फोर-केची ब्लू-रे डिस्क लावली तरी प्लेअर चित्र १०८० पर्यंत लहान करून पाठवणार आणि एचडीआरचा (जास्त उजळ आणि जास्त गडद छटा दाखवणाऱ्या चित्राचा) उजेड-रंग साध्या पातळीवर उतरवणार. हे उतरवणं नीट झालं नाही तर चित्र मरगळलेलं दिसतं, आणि त्याच सिनेमाची साधी ब्लू-रे त्याहून बरी दिसते. येत्या काळात प्रोजेक्टर बदलणार असाल, तरच याचा विचार करा.

प्रश्न : माझा प्रोजेक्टर फोर-के आणि एचडीआरवाला आहे. फोर-के प्लेअर घेताना डॉल्बी व्हिजन असलेला घ्यावा का?

उत्तर : डॉल्बी व्हिजन हा एचडीआरचाच एक प्रकार आहे आणि बरेच प्रोजेक्टर तो घेत नाहीत. तुमच्या माहितीपुस्तिकेत ते नाव नसेल, तर त्यासाठी जादा पैसे देऊ नका. त्यापेक्षा एचडीआरचं चित्र प्रोजेक्टरच्या ताकदीला जुळवून देणारा प्लेअर निवडा. सिनेमात काम येणाऱ्या रंगसेटिंगवर प्रोजेक्टर १००० लुमेन प्रकाश देत असेल, तर १०० इंची साध्या पांढऱ्या पडद्यावर उजेड ११५ निटच्या (निट हे चित्राचा उजळपणा मोजायचं एकक) आसपास होतो. एचडीआर सिनेमे १००० निट किंवा त्याहून जास्त धरून तयार केलेले असतात. जुळवणी चुकली की रात्रीचे प्रसंग काळ्या डागांत बुडतात. पॅनासॉनिकच्या डीपी-यूबी४२० आणि डीपी-यूबी८२० मध्ये यासाठी ‘एचडीआर ऑप्टिमायझर’ दिलेला आहे आणि प्रोजेक्टरवाल्यांना तो खरोखर उपयोगी पडतो. रिसीव्हर जुना असेल, तर दोन एचडीएमआय आउटपुट असलेला प्लेअर बघा, म्हणजे एक तार प्रोजेक्टरला आणि दुसरी फक्त आवाजासाठी रिसीव्हरला जाते.

केबलवर मात्र हात आखडू नका. फोर-के एचडीआरसाठी सेकंदाला १८ गिगाबिट माहिती नेणारी तार लागते आणि साधी तांब्याची तार काही मीटरनंतर दगा देते: चित्र लुकलुकतं, मध्येच काळं होतं. छतापर्यंत लांब तार न्यायची असेल तर ऑप्टिकल फायबरची एचडीएमआय केबल घ्या. तिला दिशा असते, ‘सोर्स’ लिहिलेलं टोक प्लेअरकडे हवं. भिंतीत बसवण्याआधी ती जमिनीवर पसरून एक अख्खा सिनेमा पाहा.

प्रश्न : जुन्या प्रोजेक्टरला फक्त व्हीजीए आणि कंपोनंट इनपुट आहेत. ब्लू-रे जोडता येईल?

उत्तर : नवा प्लेअर नाही. ब्लू-रेच्या नकलविरोधी नियमांनुसार २०१० नंतर बनलेल्या प्लेअरमध्ये ॲनालॉग जोडणीवरचं चित्र डीव्हीडीच्या दर्जापर्यंत खाली आणलं गेलं आणि २०१३ नंतरच्या प्लेअरमधून ॲनालॉग चित्र बंदच झालं. त्याआधीचा वापरलेला प्लेअर सापडला तर कंपोनंटवर १०८०आय (एकाआड एक ओळींचं १०८०) मिळू शकतं, पण त्याला नव्या डिस्क ओळखण्यासाठी नवं फर्मवेअर, म्हणजे प्लेअरच्या आतलं सॉफ्टवेअर लागतं आणि जुन्या मॉडेलांसाठी ते येणं थांबलेलं असतं. प्रोजेक्टरला डीव्हीआय असेल आणि त्यावर एचडीसीपी (नकल रोखणारी सोय) लिहिलेलं असेल, तर एचडीएमआय-डीव्हीआय तारेने चित्र येईल. आवाज वेगळा न्यावा लागेल. तेही नसेल, तर पैसे नव्या प्रोजेक्टरसाठी साठवा.

प्रश्न : घरात मुलाचा गेम कन्सोल पडून आहे. वेगळा प्लेअर घ्यायलाच हवा का?

उत्तर : घाई नको. प्लेस्टेशन ३ आणि ४ ब्लू-रे चांगली वाजवतात, पण अल्ट्रा एचडी डिस्क दोन्हींत चालत नाही, प्लेस्टेशन ४ प्रोमध्येही नाही. डिस्क ड्राइव्ह असलेला प्लेस्टेशन ५, एक्सबॉक्स वन एस आणि सिरीज एक्स अल्ट्रा एचडी वाजवतात. अडचण पंख्याची आहे. कन्सोल तुमच्या कानाजवळ ठेवला असेल, तर शांत प्रसंगात त्याची घरघर ऐकू येते. तो पडद्याखाली ठेवून पाहा. तिथून प्रोजेक्टरपर्यंत केबल पुरत असेल आणि आवाज खटकत नसेल, तर वेगळा प्लेअर नका घेऊ.