जेम्स विल्सन आणि अमेरिकेची राज्यघटना : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : अमेरिकी राज्यघटनेचे श्रेय सहसा जेम्स मॅडिसन यांना दिले जाते. मग पेनसिल्व्हेनियाचे प्रतिनिधी जेम्स विल्सन यांना अभ्यासक इतके महत्त्व का देतात?

उत्तर : व्हर्जिनिया योजनेमागचा, म्हणजे नव्या शासनाच्या पहिल्या आराखड्यामागचा, विचार मुख्यतः मॅडिसन यांचा होता, यात वाद नाही. परंतु २६ जुलै १७८७ रोजी राज्यघटना तयार करण्यासाठी फिलाडेल्फियात भरलेल्या परिषदेने कामकाज तहकूब करून, तोवर संमत झालेल्या ठरावांतून सलग मसुदा तयार करण्याचे काम पाच जणांच्या तपशील समितीकडे सोपवले, तेव्हा त्या समितीत मॅडिसन नव्हते, विल्सन होते. त्यांच्या हस्ताक्षरातील कच्चे मसुदे आजही जतन केलेले आहेत. संघराज्याच्या विधिमंडळाला कोणते अधिकार असावेत, याबद्दल परिषदेचा ठराव अगदी मोघम होता. समितीने त्याऐवजी कर, चलन, व्यापार अशा अधिकारांची यादीच दिली आणि ते अमलात आणण्यासाठी ‘आवश्यक व उचित’ कायदे करण्याची मुभा देणारे कलम त्याला जोडले. ६ ऑगस्टला हा मसुदा, प्रतिनिधींना टिपणे करता यावीत म्हणून रुंद समास सोडून, छापील स्वरूपात वाटण्यात आला. पुढची चर्चा याच कागदावर कलमवार झाली. माझ्या मते विल्सन यांचा खरा प्रभाव भाषणांपेक्षाही येथे शोधावा.

प्रश्न : एकच राष्ट्राध्यक्ष आणि निर्वाचक मंडळ (राष्ट्राध्यक्ष निवडणाऱ्या निर्वाचकांचा गट) या दोन्ही कल्पना विल्सन यांच्याच होत्या का?

उत्तर : पहिल्या कल्पनेच्या बाबतीत त्यांचा पुढाकार निर्विवाद आहे. कार्यकारी सत्ता एकाच व्यक्तीच्या हाती असावी, असा प्रस्ताव त्यांनी १ जून रोजी मांडला, तेव्हा सभागृहात बराच वेळ कोणी बोलेना. प्रश्न महत्त्वाचा आहे, मतदानापूर्वी सदस्यांनी आपली मते मांडावीत, असे अखेर बेंजामिन फ्रँकलिन यांना सांगावे लागले. राजेशाहीविरुद्ध लढून नुकतेच मोकळे झालेले हे लोक होते आणि व्हर्जिनियाचे प्रतिनिधी एडमंड रँडॉल्फ यांना तर या प्रस्तावात राजेशाहीचा गर्भच दिसला. तरीही ४ जूनला तो सात विरुद्ध तीन राज्यांच्या मतांनी संमत झाला.

निर्वाचक मंडळाची गोष्ट मात्र अर्धीच खरी आहे. विल्सन यांची पहिली पसंती जनतेने थेट निवड करण्याला होती आणि त्यासाठी त्यांनी न्यूयॉर्क व मॅसॅच्युसेट्स या राज्यांचा अनुभव पुढे केला होता. त्याला पाठिंबा मिळेना, म्हणून २ जूनला त्यांनी जिल्हावार निवडलेल्या निर्वाचकांचा पर्याय सुचवला, तोही फेटाळला गेला. सप्टेंबरमध्ये निर्वाचक परत आले खरे. पण ते कसे नेमायचे, हे ठरवण्याचा अधिकार राज्यांच्या विधिमंडळांकडे गेला. विल्सन यांना हवा असलेला लोकांचा हात त्यातून निसटला.

प्रश्न : गुलामांची तीन-पंचमांश गणना, म्हणजे राज्यांच्या जागा ठरवताना दर पाच गुलामांमागे तीन माणसे धरण्याची पद्धत, सुचवणारे विल्सन लोकसत्तेचे कैवारी कसे म्हणावेत?

उत्तर : प्रश्न रास्त आहे आणि त्याला पळवाट नाही. हे प्रमाण त्यांनी शोधून काढलेले नव्हते. करआकारणीसाठी काँग्रेसने, म्हणजे राज्यघटनेपूर्वीच्या संघीय सभेने, १७८३ मध्येच ते सुचवले होते. परंतु ११ जून रोजी प्रतिनिधित्वासाठी ते परिषदेपुढे मांडले विल्सन यांनी, आणि अनुमोदन दिले दक्षिण कॅरोलिनाच्या चार्ल्स पिंक्नी यांनी. महिन्याभराने विल्सन यांनीच विचारले की, हे लोक नागरिक असतील तर गोऱ्यांच्या बरोबरीने का मोजायचे नाहीत, आणि मालमत्ता असतील तर इतर मालमत्ता का मोजायची नाही? म्हणजे विसंगती त्यांना स्वच्छ दिसत होती. तरीही तडजोडीची गरज म्हणून त्यांनी ती पत्करली, आणि ज्यांना मतदानाचा अधिकारच नव्हता त्यांच्या संख्येवर त्यांच्या मालकांच्या राज्यांना जादा जागा मिळाल्या. ही जबाबदारी त्यांच्या नावावर राहिलीच पाहिजे.

प्रश्न : इतके करूनही हे नाव मागे का पडले?

उत्तर : परिषदेचे कामकाज गुप्त होते आणि मॅडिसन यांची टिपणे १८४० मध्ये प्रसिद्ध झाली. विल्सन १७८९ पासून सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती होते, पण जमिनींच्या सट्ट्यात कर्जबाजारी होऊन, त्या पदावर असतानाच तुरुंगवास भोगून, १७९८ मध्ये निधन पावले. त्यांच्या कामाचा पुरावा लोकांपुढे आला, तेव्हा त्यांच्या बाजूने बोलणारे समकालीन उरले नव्हते.